नवरा शेतावर, घर समुद्रावर

माझा नवरा अबुधाबीच्या समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात हाउसकीपिंगचा मॅनेजर होता. नोकरीची सगळी वर्षं त्याने परक्या लोकांच्या खोल्या तपासण्यात घालवली. चादरीचा कोपरा नीट दुमडलाय का, नळाच्या तोंडाशी पांढरा क्षार साचलाय का, आरशाच्या कडेला साबणाचा थेंब राहिलाय का. घरी आल्यावर तो हात धुवायला बेसिनजवळ जायचा आणि हात धुण्याआधी बेसिन पुसायचा. तो रिटायर होणार म्हटल्यावर मला एकच धास्ती होती, की आता हा माणूस दिवसभर माझं स्वयंपाकघर तपासत बसणार.

तसं झालं नाही, कारण स्वयंपाकघरच उरलं नाही. घर कंपनीचं होतं, ते सोडावं लागलं. वसईची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, आणि ताबा कधी मिळणार ते बिल्डरलाही माहीत नव्हतं. माझी नोकरी मात्र चालू होती. दुबईत अल क्वोजमधल्या एका मालवाहतूक ऑफिसची बिलं मी लॅपटॉपवर करते. महिन्यातून एखाद-दोनदा तिथे तोंड दाखवायला जायचं, बाकी काम कुठूनही केलं तरी चालतं. व्हिसाचंही उलटं झालं. इतकी वर्षं मी नवऱ्याच्या व्हिसावर होते, आता तो माझ्या व्हिसावर आला. "मॅडम, माझा पासपोर्ट तुमच्याकडे जमा करू का?" असं तो मला विचारायचा, आणि मी म्हणायचे, "वागणूक बघून ठरवू."

आमची मुलगी अबुधाबीतच अल रीम आयलंडवर एका टॉवरमध्ये राहते. तिने आग्रहाने बोलावलं. पण तिचं घर एका बेडरूमचं आणि तिचा दिवस उलटासुलटा. आम्ही हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर झोपायचं आणि ती पायाच्या बोटांवर चालत किचनमध्ये जाणार, हे काही मला पटेना. तेवढ्यात हॉटेलात वर्षानुवर्षं उतरणारा एक पाहुणा देश सोडून निघाला. त्याच्याकडे गाडीच्या मागे जोडून ओढायची एक जुनी कॅराव्हॅन होती. माझ्या नवऱ्याने ती आतून बाहेरून तपासली, पलंगाखाली हात घालून धूळ बघितली, आणि संध्याकाळी मला म्हणाला, "घेऊ या का? हिवाळाभर यातच राहू. फिरू. उन्हाळा आला की बघू पुढचं पुढे."

मी इतक्या पटकन हो म्हटलं की तोच दचकला. या देशात आल्यापासून मी घर, ऑफिस, चर्च आणि मॉल एवढंच बघत आले होते. इथले डोंगर मी फक्त कॅलेंडरवर बघितले होते.

मुलीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मम्मी, आर यू गाइज सिरियस? डॅडी कान्ट इव्हन यूज अ पेट्रोल पंप टॉयलेट."

"तेच तर बघायचंय," मी म्हटलं.

उकाडा जरा उतरल्यावर, नोव्हेंबरात, आम्ही निघालो. पहिला मुक्काम दुबईबाहेरच्या एका चकचकीत कॅम्पिंग पार्कात केला. हिरवळ होती, प्रत्येक जागेला विजेचा प्लग आणि पाण्याचा नळ होता, कोपऱ्यात पोरांचे झोके होते. गेटवरच्या मुलाने भाडं सांगितलं, रात्रीचे दीडशे दिरहम.

"दीडशे! म्हणजे साडेतीन हजार रुपये," नवरा माझ्याकडे वळून म्हणाला. "घर आपलं, पलंग आपला, फक्त जमीन त्यांची!"

पण पैशांपेक्षा जास्त राग त्याला बाथरूमचा आला. तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला आणि कोरडाच परत आला. "पाणी मोरीकडे जातच नाही. उतार उलटा दिलाय. आणि दाराच्या मागे वास आहे." त्याने गेटवरच्या मुलाला बोलावून उतार दाखवला. त्या बिचाऱ्याने "येस सर, येस सर" केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो.

पुढचे काही आठवडे असेच गेले. कुठेही पोहोचलो की तो एकीकडे जायचा, मी दुसरीकडे. तो बाथरूम बघायचा. मी लॅपटॉप उघडून हातात धरायची आणि नेट कुठे येतं ते बघत वाळूत फिरायची. तो परत येऊन मान हलवायचा आणि मी अंगठा वर करायची, नाहीतर त्याच्या उलट. दोघांचं एकदम जमलं अशी जागा मिळायला फार वेळ लागायचा. उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी बाथरूम स्वच्छ, पण नेट नाही. मला बिलं पाठवायला रोज हायवेवरच्या चहावाल्याकडे जाऊन बसावं लागे. पश्चिमेला, रुवैसच्या अलीकडे, एक किनारा त्याला पसंत पडला. पाणी इतकं निळं की खोटं वाटावं. तिथे दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि आमची सावलीची कनात खांबांसकट उचलून त्याने समुद्रात टाकली. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात तिच्यामागे पळत होतो आणि मी इतकी हसत होते की मला धड पळता येईना. "हसू नको, धर!" नवरा ओरडत होता. कनात मिळाली, पण एक खांब गेला तो गेलाच.

मला हे सगळं आवडत होतं. सकाळी दार उघडलं की पुढ्यात काय असेल ते रोज नवं. मी दोन बिलांच्या मधल्या वेळात पाय पाण्यात घालून बसत होते. मीटिंगमध्ये कॅमेरा चालू करायची वेळ आली की मागे उंट दिसू नये म्हणून पडदा ओढायची. आम्ही नकाशावर बोट ठेवून ठरवलं होतं, की आधी रास अल खैमाचे डोंगर, मग फुजैराचा समुद्र, मग हत्ता, आणि शेवटी लिवाची वाळू.

रास अल खैमाला गेलो तेव्हा वीकेंड होता आणि डोंगराखालच्या ठरवलेल्या जागेत मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. परत फिरताना रस्त्याकडेला एक हाताने रंगवलेली पाटी दिसली. इंग्रजीत कॅम्पिंग, खाली अरबीत काहीतरी, आणि बाण. बाणाच्या मागे गेलो तर खजुरांची बाग. मधे मोकळी जमीन, एका बाजूला बकऱ्यांचं कुंपण, आणि एक भलंमोठं बोराचं झाड. आपलं बोरच, पण आंब्याएवढं वाढलेलं. त्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत पांढरा पायघोळ कंदुरा घातलेला एक म्हातारा अरब बसला होता. बागेचा मालक. इथे मालकाला सगळे अरबाब म्हणतात, आम्हीही तेच म्हणायला लागलो. जुन्या पिढीच्या अरबांसारखं त्याला हिंदी छान येत होतं.

"कितना दिन?" त्याने विचारलं.

"एक रात," नवरा म्हणाला.

मी बोराखाली लॅपटॉप उघडला. नेट असं धावत होतं की तसं मला ऑफिसातही कधी मिळालं नाही. तिकडून नवरा बाथरूम बघून आला. त्याचा चेहरा बघूनच मी ओळखलं. पण या वेळी तो माझ्याकडे न येता सरळ अरबाबकडे गेला.

"अरबाब, जगह बहोत अच्छा है. बाथरूम खराब है."

अरबाब हलला नाही. "क्या खराब?"

"दरवाजा बंद नहीं होता. कपडा टांगने का खुंटी नहीं. आदमी आंघोळ करेगा तो कपडा कहां रखेगा? गीला होगा ना?"

'खुंटी' आणि 'आंघोळ' अरबाबला कळले असतील असं वाटत नाही, पण हातवाऱ्यांवरून कळलं. त्याने डोक्यावरचं फडकं सारखं केलं आणि म्हणाला, "तुमको मालूम है, तो तुम ठीक करो. यल्ला."

दुसऱ्या दिवशी नवरा हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि खुंट्या, कड्या, बल्ब घेऊन आला. आमची एक रात्र तिथे संपली आणि दुसरी सुरू झाली.

सुरुवातीला मलाही बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून तो जरा भिरभिरल्यासारखा झाला होता. सकाळी उठून दाढी करायचा, कडक शर्ट घालायचा आणि मग कॅराव्हॅनच्या पायरीवर नुसता बसून राहायचा. आता तो शीळ घालत उठू लागला. कड्या लागल्या, मग खुंट्या लागल्या, मग लादीचा उतार फोडून नवा केला. मग त्याने जागांना नंबर दिले. मग बागेच्या तोंडाशी, आमच्या कॅराव्हॅनपुढेच, पाहुण्यांना बसायला बाक टाकला आणि वर झावळ्यांचा मांडव घातला. गाडी आत आली की हा लिंबाच्या सरबताचा ट्रे घेऊन पुढे. अरबाब झाडाखालून बघत राहायचा आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "ये मेरा मुदीर है." मुदीर म्हणजे मॅनेजर. पगार नव्हता, पण भाडंही नव्हतं. अंडी, बकरीचं दूध आणि खजूर दाराशी येऊन पडत. मी वसईहून आणलेली सुकेळी अरबाबला दिली. त्याने एक तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. आमच्याकडे केळी अशी वाळवतात हे ऐकून तो थक्क झाला. "केला का खजूर!" म्हणाला, आणि उरलेलं पाकीट खिशात घातलं.

नाताळ आम्ही तिथेच केला. नवऱ्याने कागदी तारा आणून बोराच्या फांदीला टांगला. मुलगी अबुधाबीहून आली, मी आमचं आंबट-तिखट इंद्याल केलं, आणि चर्चमधून परत आलो तेव्हा अरबाबने आम्हा तिघांसाठी भातावर आख्खं मटण पाठवलं होतं. मुलगी बापाकडे बघत म्हणाली, "डॅडी लुक्स सो हॅपी." खरंच दिसत होता.

पण नाताळ झाला, नवीन वर्षही लागलं, आणि आम्ही तिथेच. मी विचारायचे, "फुजैराला कधी निघायचं?" तो म्हणायचा, "हा वीकेंड होऊ दे. मोठा ग्रुप येतोय." पुढच्या आठवड्यात दुसरा ग्रुप यायचा. हिवाळा हातातून चालला होता. दार उघडलं की पुढ्यात काय, तर त्याच बकऱ्या. त्यांच्यातली एक माझ्या मीटिंगमध्ये रोज ठरलेल्या वेळी ओरडायची. ऑफिसातले लोक तिची चौकशी करायला लागले होते.

मी काही बोलले नसते, कदाचित. तो सुखात होता आणि मला ते मोडायचं नव्हतं. पण जानेवारीतल्या एका वीकेंडला शारजाहून एक मोठं कुटुंब आलं. तीन गाड्या, दोन तंबू, बिर्याणीचं भलंमोठं पातेलं. मी मुलीशी फोनवर बोलत होते, ते ऐकून त्यांच्यातली एक बाई लगबगीने माझ्याकडे आली. माझ्यापेक्षा थोडी मोठी, डोक्यावर ओढणी, चेहरा हसरा.

"काय ओ, तुम्ही मराठी? आम्ही रत्नागिरीचे."

"मी वसईची."

एवढ्यावर आमची पाच मिनिटांत मैत्री झाली. तिच्या नवऱ्याचा शारजात स्पेअर पार्ट्सचा धंदा होता. तिने आमची कॅराव्हॅन आतून बघितली, ओटा बघितला, पलंग दाबून बघितला. मग म्हणाली, "तुमच्या मिस्टरांनी बाथरूम मात्र चकाचक ठेवलंय हां. फक्त आरसा जरा खाली हवा, आम्हा बुटक्या बायांना दिसत नाही. सांगाल त्यांना?"

"सांगते."

"किती वर्षं झाली तुम्हाला इथे कामाला?"

मला हसूच आलं. "कामाला नाही हो. आम्ही फिरायला निघालोय. घरदार घेऊन. पूर्ण हिवाळा."

"अगं बाई!" तिचे डोळे चमकले. "मग कुठे कुठे फिरलात, सांगा ना. आम्हाला पण जायचंय. फुजैराला कुठली जागा चांगली? आणि लिवा?"

फुजैराची जागा मला कुठून माहीत असणार? मी तिला कनातीची गोष्ट सांगितली, ती खूप हसली. पण ती गेल्यावर मी पायरीवर बसून राहिले आणि मला चांगलाच राग आला. नवऱ्याचा आला, आणि त्याहून जास्त त्या नंबर लिहिलेल्या पाट्यांचा आला.

दुपारी तो जेवायला आला तेव्हा मी सांगितलं, "मी फुजैराला चाललेय."

"जाऊ या ना. पुढच्या सोमवारी..."

"मी उद्या सकाळी चाललेय. तुला यायचं असेल तर ये."

त्याने घास खाली ठेवला. "उद्या? उद्या शनिवार आहे. सगळं भरलंय. अरबाबला काय सांगू?"

"ते तू बघ. मी सोमवारची रजा टाकलीये."

"आणि कॅराव्हॅन कोण ओढणार?"

"मी."

"तू?"

हे 'तू' त्याने ज्या सुरात म्हटलं, त्यानंतर माझं जाणं पक्कं झालं. लायसन्स मला त्याच्याइतकंच जुनं आहे. वर्षानुवर्षं मी अबुधाबी-दुबई रस्त्यावर ट्रकांच्या मधून ऑफिसला गेलेय. कॅराव्हॅन ओढली नव्हती एवढंच, कारण तो कधी स्टीअरिंग सोडायचाच नाही.

"आणि मी झोपू कुठे?" त्याने विचारलं.

"अरबाबकडे. तू त्याचा मुदीर आहेस."

सकाळी सगळ्या बागेला बातमी लागलेली होती. गाडी मी जोडली, हुक लावला, साखळी लावली, मागचे दिवे तपासले. नवरा दोन पावलांवर उभा राहून सगळं बघत होता. अडचण पुढे होती. त्याने पाहुण्यांसाठी जो बाक आणि मांडव घातला होता, तो नेमका आमच्या समोर. सरळ पुढे निघायची वाटच राहिली नव्हती. आधी सगळं लटांबर खजुरांच्या मधून मागे घ्यायचं आणि मग वळवायचं. कॅराव्हॅन मागे घेताना सगळं उलटं असतं. मागचा डबा डावीकडे न्यायचा तर स्टीअरिंग उजवीकडे फिरवायचं. मी फिरवलं, डबा भलतीकडेच गेला.

लगेच रत्नागिरीची सगळी पुरुष मंडळी मदतीला धावली. "लेफ्ट, लेफ्ट, लेफ्ट!" "अहो राइट घ्या!" "जरा पुढे!" "झाड आहे, झाड!" एक जण मागून ओरडत होता, एक पुढून, आणि दोघं एकमेकांशी भांडत होते. तेवढ्यात अरबाब खुर्चीतून उठला, काठी वर केली आणि असा गरजला की बकऱ्यासुद्धा गप्प झाल्या.

"खलास! सब चुप! औरत को गाडी चलाने दो!"

मी आरशात बघितलं आणि हळू, फार हळू, मागे गेले. एकदा पुढे, पुन्हा मागे. खजुराच्या बुंध्याला डब्याची कड जराशी घासली, एक पांढरा ओरखडा आला, आणि मग मागचा मोकळा भाग मिळाला. मी स्टीअरिंग फिरवलं आणि गाडी तोंड वळवून गेटकडे सरळ उभी राहिली. बायांनी टाळ्या वाजवल्या. रत्नागिरीच्या मैत्रिणीने खिडकीतून बिर्याणीचा डबा आत दिला आणि म्हणाली, "जागा चांगली मिळाली तर फोन करा हां."

नवरा खिडकीपाशी आला. हातात बाथरूमचा ब्रश होता. "उतारावर ब्रेक दाबून धरू नको," तो म्हणाला. "गिअर खाली टाक." एवढंच म्हणाला.

डोंगरातला रस्ता सुंदर होता. दोन्ही बाजूंना तपकिरी, सुकलेले, सुरकुतलेले डोंगर आणि मधून काळीभोर गुळगुळीत सडक. मी उतारावर गिअर खाली टाकला. मागे घर डुलत येत होतं. मी मोठ्याने गात होते, आणि गाताना मला आठवलं की गॅसचा सिलिंडर बंद केलाय की नाही ते बघायचं राहिलंय. थांबले, बघितलं, केला होता. पुन्हा गायला लागले.

समुद्र दिसला तेव्हा दुपार व्हायला आली होती. आता पहिल्यांदाच जागा मला एकटीला निवडायची होती. पहिली दिसली ती कड्याखालची छोटी खाडी, कोणाचंही मन जाईल अशी. पण चिटपाखरू नव्हतं, आणि मला त्या वेळी चिटपाखरू हवं होतं. दुसरी एका रिसॉर्टने चालवलेली. मनगटाला कागदी पट्टा बांधणार, संध्याकाळी म्युझिक. गेटवरूनच वळले. मग एका मासेमारी बंदराशेजारी मोकळं मैदान लागलं. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, एक बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान, एक चहाची टपरी, आणि दोन कॅराव्हॅन. त्यातल्या एकीच्या दोरीवर कपडे वाळत होते. टॉवेल, परकर, पोरांचे मोजे. ते बघून मी इंडिकेटर दिला. बाथरूम कुठे आहे हेही मी बघितलं नव्हतं. ते नंतर बघितलं. नगरपालिकेचं होतं, खुंटी नव्हती. मी कपडे दारावर टाकले.

नवऱ्याचा फोन त्या दिवशी सारखा येत होता. "लेव्हल केलीस का? चारी जॅक लावलेस?"

"लावले," मी सांगितलं. लावले होते, पण एक नीट बसला नव्हता. चहाचा कप टेबलावर ठेवला की हळूहळू खिडकीकडे चालायला लागायचा. मी कपाखाली ओला रुमाल घातला आणि प्रश्न मिटला.

तिथले दिवस फार छान गेले. सकाळी होड्या यायच्या, मी पिशवी घेऊन जायची. बांगडे, सुरमई, कधी नाव माहीत नसलेला लाल मासा. शेजारच्या कॅराव्हॅनमधल्या अरब बाईला मी आमच्या वसईच्या बाटली मसाल्यात तळलेले बांगडे दिले. तिने मला वेलची घातलेली कॉफी दिली. तिला हिंदी येत नव्हतं आणि मला अरबी. आम्ही मुलांचे फोटो दाखवून संध्याकाळ काढली. ऑफिसातून फोन आला, "मॅडम, बकरी का आवाज नहीं आ रहा?" मी सांगितलं, "ट्रान्सफर हो गया." आणि मध्येच कधीतरी मला नवऱ्याची आठवण यायची. चांगली वस्तू बघितली की ती दाखवायला माणूस लागतं, आणि इतकी वर्षं ते माणूस तोच होता.

पुढच्या शुक्रवारी दुपारी मैदानात अरबाबचा पिकअप शिरला. अरबाब चालवत होता. शेजारी माझा नवरा, मांडीवर अंड्यांचा ट्रे आणि बोरांची टोपली.

तो उतरला. समुद्राकडे बघितलं, होड्यांकडे बघितलं. मग कॅराव्हॅनमध्ये पाऊल टाकलं आणि तिथेच थबकला. "तिरकं आहे."

"मला तिरकंच आवडतं," मी म्हटलं.

तो हसला. मग पलंगावर बसला आणि म्हणाला, "अरबाबच्या मजलिसमध्ये, बैठकीच्या खोलीत, गादी उत्तम आहे. एसी पण. पण झोप येत नव्हती."

"आणि वीकेंडचे पाहुणे?"

"अरबाबचा पुतण्या आलाय. त्याला दाखवून आलो सगळं. आरसा पण खाली घेतला." मग म्हणाला, "मला तिथे बरं वाटत होतं ग. कोणीतरी काहीतरी विचारायला यायचं."

"मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस आधी?"

"तुला बरं वाटत होतं म्हणून."

मी मासे कापायला घेतले आणि तो न सांगता कांदा चिरायला बसला.

तिघंही पोटभर जेवलो. अरबाबने बोटं चाटली. मग कॅराव्हॅनच्या दारातून आत डोकावत म्हणाला, "मैं कॅम्पिंग चलाता, लेकिन कभी अंदर सोया नहीं. देखूं?"

"देखो, देखो," नवरा म्हणाला.

अरबाबने चपला पायरीखाली ओळीत ठेवल्या, आत गेला, पलंगावर बसला, मग आडवा झाला. दोन मिनिटांत घोरायला लागला. आम्ही दार लोटून घेतलं आणि खुर्च्या बाहेर काढून बसलो. तो उठेपर्यंत आम्हाला आत जाता येईना. लॅपटॉप आत, चहाची पातेली आत. नवरा दबक्या आवाजात म्हणाला, "काय करायचं?"

"काही नाही करायचं."

ओहोटी लागली होती. आम्ही बोरं खात बसलो. मी त्याला शेजारीण दाखवली, लाल मासा विकणारा दाखवला, पहाटे होड्या कुठल्या बाजूने येतात ते दाखवलं. तो एकदा बाथरूमकडे जायला उठला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नुसता जाऊन येतो." बऱ्याच वेळाने आला.

उतरत्या दुपारच्या अजानला अरबाब उठला, नमाज पढला, आमच्या टपरीवरचा चहा प्यायला आणि पिकअपमध्ये बसला. जाताना नवऱ्याला म्हणाला, "ईद में आओ. बहोत लोग आएगा." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "चार दिन. फिर खलास." अरबाब हसला आणि म्हणाला, "इन्शाल्ला, मॅडम."

ते आम्ही पाळलं. ईदला चार दिवस बागेत गेलो, नवऱ्याने मनसोक्त सरबत वाटलं. बाकीचा हिवाळा आम्ही फिरलो. हत्ताला धरणाकाठी राहिलो. लिवाला वाळूच्या डोंगराखाली राहिलो, तिथे बाथरूमच नव्हतं आणि त्यामुळे तपासायलाही काही नव्हतं. जागा एकदा तो निवडायचा, एकदा मी. मागे घेणं मात्र माझ्याकडे आलं. तो खाली उतरून मागे उभा राहतो, हात वर करतो, आणि तोंडाने एक अक्षरही बोलत नाही.

रत्नागिरीच्या मैत्रिणीला मी फुजैराहून फोन केला होता. पुढच्याच वीकेंडला ती तीन गाड्या घेऊन तिथे हजर झाली. तिने होड्या बघितल्या, कपड्यांची दोरी बघितली, नगरपालिकेचं बाथरूम बघून आली आणि म्हणाली, "जागा झकास आहे ओ. बाथरूमचं काय ते आम्ही बघून घेऊ." आणि तिने गाडीतून पातेलं उतरवायला सांगितलं.